जे आधी लागतं ते शेवटी

दोरीकाकांच्या खिशात दोरी नाही असं कधी झालं नाही. दवाखान्यात तपासणीला गेले तरी खिशात दोरी, बागेत फिरायला गेले तरी दोरी. उभी हयात लोकांची घरं बांधून ट्रकात चढवण्यात गेली. एका घरातलं कपाट उचललं आणि दुसऱ्या घरात ठेवलं. हात थांबले तरी खिसा काही सुधारला नाही. पोरं विचारायची, “काका, दोरी कशाला?” तर म्हणायचे, “कुणाचं काय सुटेल, काय सांगावं बाबा!”

त्यांच्या धंद्याचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. उतरल्यावर जे आधी लागतं, ते गाडीत शेवटी चढवायचं. नवशिके हमाल बरोबर उलटं करत. बल्ब, बादली, झाडू, चहाचं पातेलं सगळं आधी आत कोंबायचे, आणि मग नव्या घरात बल्ब सापडेपर्यंत अंधारात माणसं दिवाणावर दिवाण रचत बसलेली. दोरीकाका तसं होऊ देत नसत. एक खोकं ते मुद्दाम वेगळं बांधत, त्याला लाल दोरी. ‘दारातलं खोकं’ म्हणायचे त्याला. गाडीचं फाळकं उघडलं की पहिलं तेच हाताला लागायचं.

आणि बघा नशिबाची थट्टा. ज्या माणसानं शहरभर लोकांची घरं हलवली, त्याचं स्वतःचं घर म्हातारपणी दुसऱ्यांनी हलवलं. त्यांच्या जुन्या गल्लीवरून पूल जायचा होता. ती गेली, आजूबाजूच्या गल्ल्याही गेल्या, आणि सगळ्यांना सोडतीत गावाच्या टोकाला नव्या इमारतींत खोल्या मिळाल्या; जुने शेजारी पांगले. इमारती किती, तर अकरा. आणि अकराही एकाच रंगाच्या, एकाच उंचीच्या, जिने एकाच अंगाला, दारं एकाच चॉकलेटी रंगाची. ज्यानं नकाशा काढला त्यानं एक काढला आणि बाकीच्या दहांना ‘सदरप्रमाणे’ लिहून तो जेवायला गेला असावा.

काकांचं घर चार नंबरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. राहायला ते दोघंच, ते आणि काकू. मुलगी लग्न होऊन परदेशी. काकूंना जुन्या गल्लीत सगळे ‘किल्लीकाकू’ म्हणत. कारण सोपं होतं. जो तो कामाला जाताना आपली किल्ली काकूंकडे टाकून जायचा. दाराच्या आत खिळ्यांची एक रांगच होती. शाळेतून आलेलं पोर, अचानक आलेला पाहुणा, गॅसवाला, सगळे आधी काकूंच्या उंबऱ्यावर. कुणाची किल्ली कुठली, हे त्यांना न बघता कळायचं. उंबऱ्यात बसून भाजी निवडता निवडता अख्ख्या गल्लीची चौकशी चालायची.

अशा बाईवर काय वेळ यावी?

नव्या घरात येऊन थोडेच दिवस झाले होते. काकू भाजी आणायला खाली उतरल्या. येताना उन्हानं डोकं तापलेलं, पिशवी जड. चौथा मजला चढल्या, चॉकलेटी दार, किल्ली घातली. फिरेना. कुलूप अडकलं असेल म्हणून त्यांनी जोर लावला, दार हलवलं, खांद्यानं रेटलं. आणि आतून किंकाळी आली, “चोर! चोर!”

इमारत होती पाच नंबरची. पण हे काकूंना तेव्हा कुठे ठाऊक? मजल्यावरची दारं फटाफट उघडली. खालून पहारेकरी पळत आला. “कुठं राहता? इमारत कुठली?” आणि काकूंच्या तोंडून अक्षर फुटेना. अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या ओळखणारी ती बाई, स्वतःच्या घराचा नंबर विसरली. पहारेकऱ्यानं तिच्या दंडाला धरून तिला एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत फिरवलं, “ह्या बाई तुमच्यातल्या का हो?” असं विचारत. काकांनी वरून पाहिलं आणि ते अनवाणी खाली धावले.

त्या दिवसापासून काकू एकट्या उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. पुढे पुढे काकांबरोबरही नाही. भाजी काका आणत, औषधं काका आणत. घरातली निम्मी खोकी अजून तशीच भिंतीला रचलेली होती. काका म्हणाले, “अगं, सोडू या की आता.” तर काकू म्हणाल्या, “कशाला? येणार कोण आहे?” एकदा काकांनी समजूत घातली, “होतं गं असं. सगळ्यांचं होत असेल.” काकू फटकन म्हणाल्या, “कुणाचं झालं? एक तरी दाखवा! आणि कुणाला बोललात तर बघा.” काकांनी शब्द दिला. कुणाला बोलले नाहीत. पण मनात मात्र त्यांना तेच एक लागून राहिलं होतं, की ही बाई पुन्हा एकदा स्वतःच्या पायानं जिना उतरलेली दिसू दे. बाकी काही नको.

अशात वस्तीनं पुस्तक काढायचं ठरवलं. दोन इमारती अजून रिकाम्या होत्या, त्यांत नवीन कुटुंबं यायची होती. त्यांच्यासाठी वस्तीची माहिती देणारं एक पुस्तक, सगळ्यांनी मिळून लिहिलेलं. कल्पना हेडसरांची. शाळा सुटून दहा वर्षं झाली तरी हेडसरांची शाळा काही सुटली नव्हती. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सभा भरली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या. प्रत्येकानं एकेक प्रकरण घेतलं आणि पुढच्या सभेला लिहूनही आणलं. इथपर्यंत सगळं गुण्यागोविंदानं. घोडं अडलं ते क्रमावर.

हेडसर म्हणाले, “पहिलं प्रकरण इतिहास. आपल्या जुन्या गल्ल्या, त्यांचा उगम, त्यांचा विकास.”

नर्सताई दवाखान्यातून थेट आलेल्या, चपला काढून पाय चोळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “सर, माणसाच्या छातीत कळ आली तर तो उगम वाचत बसेल का? पहिला दवाखाना.”

पार्किंगभाऊ उभेच राहिले. त्यांना पार्किंगभाऊ म्हणायचं कारण, त्यांचं प्रकरण सगळ्यात जाड होतं आणि त्यात गाड्या लावण्याव्यतिरिक्त चकार शब्द नव्हता. “आधी गाडी लागते, मग माणूस घरात शिरतो! पहिलं पार्किंग!”

झालं. ज्याला त्याला आपला तो बाब्या. कुणी म्हणे पाण्याच्या वेळा, कुणी म्हणे कचरा, कुणी म्हणे सोसायटीचे नियम. असा गोंधळ की शेंडा कळेना की बुडखा. दोरीकाका मागच्या खुर्चीत खिशातल्या दोरीला गाठी मारत आणि सोडत बसले होते. शेवटी त्यांना राहवेना.

“ह्यात एक प्रकरण कमी आहे,” ते म्हणाले. “चुकलात तर काय करायचं, ते कुणी लिहिलंच नाही.”

“चुकलात म्हणजे?” हेडसर.

“म्हणजे भलत्या इमारतीत गेलात तर. भलत्या दाराला किल्ली लावलीत तर.”

हॉलमध्ये हशा पिकला. पार्किंगभाऊ म्हणाले, “काका, असं कोण करतं हो? पिऊन आलेला माणूसच करेल!”  काकांच्या ओठांवर आलं होतं, पण काकूंना शब्द दिला होता. त्यांनी दोरी मुठीत आवळली आणि खाली बघितलं.

हसू ओसरल्यावर नर्सताई एकदम म्हणाल्या, “मी केलंय.” सगळे वळले. “रात्रपाळी करून आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले, पंखा लावला, कॉटवर आडवी झाले. डोळे उघडले तर समोर एक आजोबा दाढी करतायत. ते म्हणाले, ‘बाई, पंखा एकवर ठेवा, सर्दी आहे.’”

आता मात्र हॉल कोसळायचा बाकी राहिला. एकानं सांगितलं, मग दुसऱ्याला कंठ फुटला. कुणी दुसऱ्याच्या गॅलरीतले कपडे काढून घड्या घातल्या होत्या. हेडसर दोनदा खाकरले आणि म्हणाले, की त्यांनीही एकदा बंद दारापुढे उभं राहून मुलाला यथेच्छ शिव्या घातल्या होत्या, कुलूप बदललं म्हणून. मुलगा बिचारा शेजारच्या इमारतीतून ऐकत होता. पार्किंगभाऊंनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही, पण त्यांच्या बायकोनं मागून मोठ्यानं “सांगा ना!” म्हटल्यावर ते लालेलाल झाले.

काका हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं. एक तरी दाखवा, म्हणाली होती. इथे हॉल भरून होते.

तेवढ्यात खिडकीजवळची टेलरताई उठली. पाच नंबरच्या इमारतीत एकटी राहायची, दिवसभर घरीच मशीनवर कपडे शिवायची. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. ती म्हणाली, “मी चुकले नाही. पण मी चुकलेल्या बाईवर ओरडले.”

काकांची बोटं गाठीवरच थांबली.

“माझ्या दाराचं कुलूप कुणीतरी हलवत होतं. मी चोर चोर म्हणून ओरडले. एकटीच असते, घाबरले होते. दार उघडलं तेव्हा बाई समोर, आणि हातात भाजीची पिशवी. मेथी बाहेर लोंबत होती. चोर काय भाजी घेऊन येतो? पण तेव्हा कुठलं सुचायला! पहारेकरी त्यांना दंडाला धरून घेऊन गेला, आणि मी दारात नुसती उभी. थांब म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं.” तिनं टेप बोटाला गुंडाळली. “नंतर पुष्कळ शोधलं त्यांना. जिन्यात, पाण्याच्या टाकीजवळ, भाजीवाल्यापाशी. पहारेकऱ्याला विचारावं तर तोही बदलून गेलेला. परत कुठे दिसल्याच नाहीत.”

 काकांना वाटलं उठावं आणि म्हणावं, ताई, ती माझी बायको, अमुक मजला, अमुक दार, आत्ता चला. पण शब्द म्हणजे शब्द. आणि ही बाई दारात येऊन उभी राहिली तर काकू दार उघडायच्या नाहीत, आणि वर, ‘अखेर बोललातच ना’, म्हणून जन्मभर तोंड फिरवतील. त्यांनी एवढंच म्हटलं, “ताई, हे जसं बोललात तसंच लिहून द्या. एक शब्द बदलू नका.”

ज्यांनी त्यांनी आपापल्या चुका तिथेच लिहून दिल्या, आणि सभा संपताना हेडसरांनी सगळे कागद गोळा करून काकांच्या मांडीवर ठेवले. “क्रम तुम्हीच लावा. तुम्ही जन्मभर लोकांची घरं लावलीत, नऊ प्रकरणं म्हणजे काय! सूत्र एकच, नव्या माणसाला ज्याची गरज पहिली, त्याला महत्त्व पहिलं.”

काकांनी कागद घरी आणून फरशीवर मांडले. काकू त्यांच्यावरून पाय उचलून उचलून स्वयंपाकघरात जात-येत होत्या. “काय पसारा हा! घर बांधताय का पुस्तक?” आणि मग, पाठमोऱ्या उभ्या राहून, हळूच, “त्यात माझं काही घातलं नाहीत ना?”

“तुझं एक अक्षर नाही,” काका म्हणाले. खोटं नव्हतं ते, पण त्यांना जड गेलं.

क्रम लावताना त्यांना फार विचार करावा लागला नाही. डोळ्यांसमोर नवा माणूस उभा केला, जसा ते आयुष्यभर करत आले होते. ट्रकमधून उतरलेला, दमलेला, हातात पिशव्या, समोर अकरा सारख्या इमारती. ह्याला सगळ्यात आधी काय लागेल? ‘चुकलात तर’. मग पाणी, मग दवाखाना. इतिहास काय, सहा महिन्यांनी वाचला तरी चालेल. नियमही. पार्किंगभाऊंचं कपाट सगळ्यात जड आणि सगळ्यात उशिरा लागणारं. टेलरताईचं लिखाण त्यांनी ‘चुकलात तर’मध्ये ठेवलं, अगदी दाराशी. मग पेन्सिल घेऊन प्रत्येक प्रकरणाच्या कोपऱ्यात नंबर घातले, दोरीनं गठ्ठा बांधला, लाल दोरीनं बरं का, आणि छापखान्यात नेऊन दिला.

तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या नाही आलं. अहो, जन्मभराची सवय! दोरीकाकांच्या धंद्यात एक नंबरचा नग म्हणजे गाडीत पहिला चढवायचा. म्हणजे सगळ्यात आत जाणारा. म्हणजे सगळ्यात शेवटी लागणारा. त्यांनी पार्किंगवर एक लिहिला, नियमांवर दोन, इतिहासावर तीन, आणि ‘चुकलात तर’वर नऊ. छापखानेवाल्याला कुठे ट्रक भरायचा होता? त्यानं एकापासून नऊपर्यंत सरळ छापून टाकलं.

पुस्तकं आली त्या दिवशी हॉलमध्ये जे काही झालं ते विचारू नका. हेडसरांनी पहिलं पान उघडलं आणि समोर चारचाकीच्या मागच्या चाकाची आकृती. “काका, हे काय? नवा माणूस येणार, त्याचं स्वागत मडगार्डनं? वरातीमागून घोडं केलंत तुम्ही!” पार्किंगभाऊ तेवढे खूश. ते म्हणाले, “कुणालातरी अक्कल आहे.” काका पुस्तक उलटंपालटं करत बसले. मग त्यांना कळलं, आणि ते तोंड लपवायला जागा शोधू लागले. “गाडी भरली मी,” ते पुटपुटले. “पुस्तक लावायच्या ऐवजी गाडी भरली.”

सगळी पुस्तकं पुन्हा छापणं शक्यच नव्हतं. नर्सताई म्हणाल्या, “त्यात काय एवढं? मागून वाचायला सांगा.” मग चिठ्ठ्या छापल्या. हेडसरांच्या शब्दांत, ‘कृपया हे पुस्तक शेवटच्या प्रकरणापासून वाचावे.’ प्रत्येक पुस्तकाच्या कव्हरवर एकेक चिकटवायची शिक्षा काकांना.

एक प्रत त्यांनी घरी नेली. काकूंनी कव्हर बघितलं, चिठ्ठी वाचली, सगळा घोटाळा ऐकला, आणि हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसल्या. ह्या घरात आल्यापासून हे पहिलंच हसणं. “आख्खी वस्ती उलटी वाचायला लावलीत! धन्य आहे तुमची!” काका ओशाळवाणे बघत राहिले. काकू चष्मा घेऊन गॅलरीत बसल्या आणि चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे त्यांनी पुस्तक मागून उघडलं.

नर्सताईंच्या दाढी करणाऱ्या आजोबांपाशी त्या पुन्हा हसल्या. हेडसरांच्या शिव्यांपाशी “अगं बाई!” म्हणाल्या. मग आवाज बंद झाला. काका आतून कानोसा घेत होते. पान उलटल्याचाही आवाज येईना. बऱ्याच वेळानं त्यांनी डोकावून पाहिलं. काकू बोट एका ओळीवर ठेवून बसल्या होत्या. टेलरताईनं शेवटी लिहिलं होतं, ‘त्या ताई हे वाचत असतील तर त्यांनी पुन्हा माझ्या दाराशी यावं. इमारत पाच, मजला चौथा. मशीनचा आवाज येतो तेच दार. किल्ली लावली तरी चालेल.’

काकूंनी विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

“तिनं सभेत सांगितलं. मी तुझं नाव घेतलं नाही.”

काकूंनी ओळीवरचं बोट काढलं नाही. रागावल्या की काय, हेही कळेना. दिवाबत्तीपर्यंत तशाच बसून होत्या, आणि काकांना त्या दिवशी घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका उरलेल्या चिठ्ठ्या चिकटवून हॉलमधून वर आले. दाराला कुलूप. त्यांनी आपल्या किल्लीनं उघडलं. घर रिकामं. खिळ्यावर काकूंची किल्ली नाही, दाराशी चपला नाहीत.

 पहिल्यांदा त्यांचे पाय जिन्याकडेच वळले. मग ते थांबले. आपण खाली, ती वर, आणि बंद दार बघून पुन्हा चुकले म्हणून ती माघारी फिरली तर? त्यांनी दार सताड उघडलं, त्याला टेकण म्हणून एक खोकं लावलं, आणि गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभे राहिले. उन्हात डोळे दुखेपर्यंत बघत राहिले.

बऱ्याच वेळानं पाच नंबरच्या जिन्यातून काकू बाहेर आल्या. एकट्या. काकांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्या डावीकडे वळल्या. सहा नंबरकडे! काकांनी हाक मारायला तोंड उघडलं. “अगं, इकडे!” एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि तोंड मिटलं. काकू सहा नंबरच्या दारात गेल्या. थांबल्या. मान वर करून पाहिलं. तिथे एक बाई कपडे वाळत घालत होती, तिला काहीतरी विचारलं. तिनं हात करून दाखवलं. काकूंनी मान हलवली, आणखी काहीतरी बोलल्या, दोघी हसल्या, आणि मग काकू वळून, सावकाश, चार नंबरकडे चालू लागल्या.

काका घाईघाईनं आत येऊन वर्तमानपत्र धरून बसले. उलटं धरलं होतं, पण ते जाऊ द्या.

काकू दारात आल्या. धाप लागली होती, चेहरा लाल. त्यांनी उघडं दार पाहिलं, टेकणाचं खोकं पाहिलं, नवऱ्याच्या हातातलं उलटं वर्तमानपत्रही पाहिलं.

“चुकलीस?” काकांनी विचारलं.

“चुकले. विचारलं.” पदरानं कपाळ पुसत त्या पाण्याच्या माठाकडे गेल्या. भांडंभर पाणी पिऊन म्हणाल्या, “बाई रडली हो. मीही रडले. मग तिनं मला झंपर शिवायचा म्हणून माप घेतलं. शिवलेले कपडे पोचवायला जाताना किल्ली माझ्याकडे ठेवत जाईन म्हणाली. एकटीच आहे ना. एक खिळा ठोकून द्या दाराआड.”

“देतो,” काका म्हणाले. 

“आणि ते चांगले कप कुठल्या खोक्यात आहेत? जुन्या घरातले, निळ्या काठाचे? उद्या चहाला बोलावलंय तिला.”

काकांनी भिंतीला रचलेल्या खोक्यांकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. चांगले कप! कधी लागतात चांगले कप? म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं ते सगळ्यात आधी भरले होते, एक नंबर घालून, आणि इथे रचतानाही लवकर लागायचं नाही म्हणून ते खोकं ठेवलं होतं अगदी खाली, भिंतीला लागून, बाकी सगळ्यांच्या बुडाशी.

“सगळीच उतरवावी लागतील,” ते म्हणाले.

“मग उतरवा की,” काकू म्हणाल्या आणि पदर खोचून पुढे झाल्या. काकांनी वरच्या खोक्याची गाठ सोडली.